‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

मनोविकारांवरील जाडजूड ग्रंथ दिंद्रुडच्या घरात कोण उघडणार? तरीही एका ग्रंथाची ओळख करून द्यावीशी वाटते. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल यांनी २००३ साली ‘व्हेअर देअर इज नो सायकियाट्रिस्ट’ हा ग्रंथ, जेथे मनोविकारतज्ज्ञ नाही तेथील आरोग्यसेवकांसाठी लिहिला. त्याची मांडणी रोगांच्या नावांपेक्षा समोर दिसणाऱ्या तक्रारींवरून केलेली आहे. घरच्यांनाही तीच वाट सोपी पडते.

आजी माणसे ओळखेनाशा झाल्या, की आपण ‘वय झाले’ म्हणून मोकळे होतो. खरे तर आधी विचारावे : हे कधीपासून? दोन-चार दिवसांत एकाएकी गोंधळ उडाला असेल, तर मागे लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, अंगातील पाणी व क्षार कमी होणे किंवा एखादे नवे औषध असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वर्षा-दोन वर्षांत हळूहळू वाढत गेलेले विस्मरण स्मृतिभ्रंशाकडे बोट दाखवते. मात्र काही आठवड्यांत झोप व भूक गेली, बोलणे खुंटले, तर नैराश्य असू शकते. त्यावर उतारवयातही उपचार आहेत. ‘आता जगून काय करायचे’ हे बोलणे कुरकुर समजून कधीही सोडू नये.

‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो. तपासणीसाठी अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, गुडघेदुखीच्या आणि झोपेच्याही, पिशवीत घालून न्यावीत.