कॅन्सर पसरला, तरी आधी रिपोर्ट पाहा

स्तनाचा कॅन्सर हाडांत, फुप्फुसांत किंवा यकृतात पसरला असे कळले की घरची मंडळी बहुधा दोनपैकी एक वाट धरतात. काही जण ‘आता देवावर हवाला’ म्हणून रुग्णाला घरी आणतात. काही जण शेत विकून मिळेल ते महागडे इंजेक्शन आणायला निघतात. माझ्या मते दोन्ही वाटा चुकीच्या आहेत, कारण हा कॅन्सर कोणत्या प्रकारचा आहे, हे कोणी विचारलेलेच नसते.

गाठीचा तुकडा तपासताना इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि ‘हर-टू’ हे प्रथिन या तीन गोष्टी पाहतात. उपचाराची दिशा यावरच ठरते. शिवाय रोग पसरल्यावर हे गुण बदलूही शकतात. म्हणून शक्य असेल तर नव्या जागेचा तुकडा पुन्हा तपासावा.

संप्रेरकांवर वाढणाऱ्या कॅन्सरला लेट्रोझोलची साधी गोळी रोखते. तिला रायबोसायक्लिबची जोड दिल्यावर काय घडते, हे पाळी गेलेल्या स्त्रियांवरील एका मोठ्या चाचणीत दिसले. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या लेट्रोझोलवर निम्म्या स्त्रिया सुमारे ५१ महिन्यांहून अधिक जगल्या होत्या. दोन्ही औषधांवर हा आकडा सुमारे ६४ महिन्यांवर गेला. याच गटातील पालबोसायक्लिबचे पेटंट भारतात २०२३ मध्ये संपले आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या पुष्कळ स्वस्तात मिळू लागल्या.

‘हर-टू’ जास्त असेल तर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन देतात. भारतीय बनावटीचे ट्रास्टुझुमॅब २०१४ पासून मिळते. त्याला केमोचे औषध जोडून बनवलेले ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन ‘हर-टू’ कमी असलेल्या काही रुग्णांनाही उपयोगी पडते. मात्र ते फार महाग आहे आणि त्याने फुप्फुसांना सूज येऊ शकते. ते चालू असताना कोरडा खोकला किंवा धाप लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तिन्ही तपासण्या निगेटिव्ह असतील तर मुख्य आधार केमोचा. काहींना इम्युनोथेरपी, तर बीआरसीए जनुकात जन्मजात दोष असल्यास ओलॅपॅरिबच्या गोळ्या लागू पडतात.

या औषधांनी पसरलेला रोग बहुधा समूळ जात नाही. तो आटोक्यात राहतो, आणि बऱ्याच जणींना घरात, कामात चांगले दिवस मिळतात. म्हणून खर्च करण्यापूर्वी कॅन्सरतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. हे औषध आमच्या रिपोर्टला लागू आहे का? किती काळ फायदा अपेक्षित आहे? याहून स्वस्त पर्याय आहे का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते, याचीही आधीच चौकशी करा.

आणि एक विनंती. हे सारे बोलणे रुग्ण भगिनीला बाहेरच्या बाकावर बसवून उरकू नका. तिला सोसेल तेवढे, तिच्या भाषेत, पण खरे सांगा. औषध तिने घ्यायचे आहे, तेव्हा निर्णयातही पहिला शब्द तिचाच असायला हवा.