स्तनातली गाठ आणि आजीच्या काळातली भीती

मैत्रिणींनो, अंघोळ करताना स्तनात हाताला गाठ लागली, की आपल्या घरातली बाई आधी काय करते? गप्प बसते. दुखत तर नाही, मग कशाला सांगायचं? लेकीची परीक्षा होऊ दे, दिवाळी जाऊ दे, असं म्हणत महिने निघून जातात. कॅन्सरची भीती असतेच, पण तिच्या मागे आणखी एक भीती दडलेली असते: "डॉक्टरकडे गेले की सगळं काढूनच टाकतील."

ही भीती उगाच आलेली नाही. एके काळी खरोखर असंच व्हायचं. आज मात्र चित्र बरंच बदललं आहे. ते कसं बदललं, हे आजच्या लेखात पाहू या.

सगळं काढून टाकण्याचा काळ

विल्यम हॉल्स्टेड हे अमेरिकेतले नावाजलेले सर्जन. १८८२ पासून त्यांनी एक मोठं ऑपरेशन करायला सुरुवात केली. पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथी, सगळं एकत्र काढायचं. त्या काळी बायका फार उशिरा यायच्या आणि ऑपरेशननंतर कॅन्सर त्याच जागी पुन्हा उगवायचा. १८९४ मध्ये हॉल्स्टेड यांनी ५० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा हे प्रमाण खूपच कमी झालेलं दिसलं. साहजिकच पुढची कित्येक दशकं हेच ऑपरेशन जगभर होत राहिलं.

पण त्याची किंमत बाई मोजायची. छाती खोलगट व्हायची, हात सुजायचा, खांद्यावर हात नेणंही अवघड व्हायचं. आणि एवढं करूनही अनेकींचा कॅन्सर पुढे हाडांत किंवा यकृतात निघायचा.

कमी कापून चालेल का?

अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी हाच प्रश्न विचारला. कॅन्सरच्या पेशी रक्तातून आधीच पुढे गेल्या असतील, तर छातीवर मोठी जखम करून काय मिळणार? १९७१ मध्ये त्यांनी १,६०० हून जास्त बायकांचा अभ्यास सुरू केला. काहींचं हॉल्स्टेड पद्धतीचं ऑपरेशन झालं, काहींचा फक्त स्तन काढला, तर काहींना त्यासोबत रेडिएशन दिलं. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही!

मग पुढची पायरी. इटलीत मिलानला डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ मध्ये आणि डॉ. फिशर यांनी १९७६ मध्ये पूर्ण स्तनाऐवजी फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग काढून पाहिला. २००२ मध्ये दोघांचेही २० वर्षांचे निकाल आले. स्तन वाचवलेल्या बायका तितक्याच जगल्या. फक्त एक अट होती, रेडिएशनची. डॉ. फिशर यांच्या अभ्यासात रेडिएशन घेतलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के बायकांना त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होतं. म्हणूनच स्तन वाचवला, तर रेडिएशन अर्धवट सोडायचं नाही.

एका बाईने "थांबा" म्हटलं

हा बदल फक्त डॉक्टरांनी घडवला नाही. त्या काळी अमेरिकेत गाठ तपासण्यासाठी भूल द्यायचे आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचे. काय झालं, ते बाईला जाग आल्यावरच कळायचं. १९७४ मध्ये पत्रकार रोझ कुशनर यांना गाठ सापडली. त्यांनी ठामपणे सांगितलं, आधी फक्त तपासणी करा, पुढचं मी ठरवेन. हे मान्य करणारा सर्जन शोधताना त्यांची दमछाक झाली. पुढे त्यांनी यावर भरपूर लिहिलं, आवाज उठवला. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने तपासणी आणि ऑपरेशन वेगवेगळं करावं अशी शिफारस केली. त्या समितीत कुशनरही होत्या.

आता काखही वाचते

१९९० च्या दशकात आणखी एक सोय झाली. स्तनाजवळ रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून, कॅन्सर पसरला तर सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोहोचेल ती शोधता येऊ लागली. आधी तीच तपासायची. ती स्वच्छ असेल, तर काखेतल्या बाकीच्या ग्रंथींना हात लावायची गरज नसते. त्यामुळे हात सुजण्याचा त्रास बराच कमी झाला.

आपल्या देशातही मोठं काम झालं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० बायकांचा अभ्यास झाला. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती साधं, स्वस्त भुलीचं इंजेक्शन दिलं गेलं. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के, तर न मिळालेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के बायका हयात होत्या.

ऑपरेशनआधी हे नक्की विचारा

* तुकडा तपासणीचा रिपोर्ट आला का? त्यात काय आहे?
* माझा स्तन वाचवता येईल का? नसेल, तर का?
* आधी केमो देऊन गाठ लहान करता येईल का?
* काखेतली पहिली ग्रंथी तपासून पुढचं ठरवता येईल का?
* रेडिएशन किती दिवस आणि कुठे घ्यावं लागेल?
* स्तन काढावा लागला, तर नवा आकार देण्याचं ऑपरेशन होऊ शकतं का?

प्रत्येकीचा स्तन वाचेलच असं नाही. गाठ खूप मोठी असेल किंवा कॅन्सर स्तनात अनेक ठिकाणी असेल, तर तो काढावा लागतो. काही जणी विचार करून स्वतःच तो पर्याय निवडतात, आणि त्यातही काही चूक नाही. पण गाठ लहान असताना गेलं, तर निवडायला पर्याय जास्त असतात. लपवण्यात गेलेला प्रत्येक महिना हे पर्याय कमी करतो.

म्हणून गाठ, त्वचेवर खळगा, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र किंवा त्यातून रक्तासारखा स्राव, यातलं काहीही दिसलं तर या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. आणि हा लेख आई, सासूबाई, मावशी, काकू यांनाही वाचून दाखवा. त्यांच्या मनात अजून तो जुना काळच असू शकतो.