अर्धापूरची हळद आणि डबीतली गोळी

लातूर-नांदेडच्या उन्हात रापलेल्या कातडीवर गेल्या अंकातल्या पत्रलेखकांनी अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा उतारा सुचवला आहे. उतारा कसला!

फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचा निकाल 1994 साली आला. रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्तच आढळला. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत नुसतं ई जीवनसत्त्व, म्हणजे आणखी एक अँटिऑक्सिडंट, घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी वाढलेला दिसला. ते 2011 साल.

करडईच्या तेलात ई जीवनसत्त्व मुळातच असतं, हे मराठवाड्याला कोणी शिकवावं? अर्धापूरची हळद तर रोज फोडणीत पडते, आणि तिच्यातलं कर्क्युमिन हे अँटिऑक्सिडंट तेलात विरघळतं. (तीच हळद डबीत भरून महागात विकत घ्यायची, ही गंमत वेगळीच.)

उन्हाला रुमाल बरा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी तर ई-कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.