बाळंतविड्यातील बाळंतीण

‘बाळंतविडा’ या शब्दातच तो कोणाचा हे सांगितलेले आहे. बाळाचा त्यात वाटा असतो; पण नाव बाळंतिणीचे. असे असूनही सांप्रत आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतून जे बाळंतविडे जाताना दिसतात, ते पाहून प्रसूत कोण झाली याचाच मंडळींना विसर पडला असावा, अशी शंका मला येते. मंगळबाजारातून चकचकीत खोके आणावयाचे. आत पावडर, साबण, बोटभर लांबीचे बूट, दुधाची बाटली आणि जरीची कुंची. बूट पायात जातात ते छायाचित्रापुरते. बाळंतिणीसाठी फार तर एक साडी. तीही बारशाला नेसावयाची, म्हणजे पाहुण्यांच्या डोळ्यांसाठीच.

आमच्या आज्यांचा बाळंतविडा दिसावयास इतका देखणा नव्हता. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी, दीड-दोन डझन लंगोट, चार झबली, दोन टोपडी. आणि आईसाठी डिंकाचे व अळिवाचे लाडू, साजूक तूप, ओवा, बाळंतशेपा, खोबरे. पोळातल्या गुजराती शेजारणीकडून सुंठ-गुंदर घातलेल्या काटल्याचा डबा येई, आणि आपल्या घरचे मेतकूट तिच्या लेकीकडे जाई. या जिनसांमागे विचार होता. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक लागतात, हे आजचे शास्त्र सांगते. लाडवांचा डबा तेच काम करीत असे.

म्हणून जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. तान्ह्याच्या जिभेला मध लावण्याची रीत सोडलीच पाहिजे; वर्षाच्या आतील मुलास मधातील जंतूंपासून जीवघेणा आजार होऊ शकतो. सहाणेवर उगाळलेली घुटीही नको. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून बाळास काही नको, पाणीदेखील नको. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे अपवाद. नाळेवर हळद किंवा राख घालू नये. ती कोरडी व स्वच्छ ठेवावी. काजळ नको. दारे-खिडक्या लावून खाटेखाली शेगडी ठेवणे तर सर्वांत वाईट. निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

पण नव्या खोक्यातील बाटलीचे काय? १९९२ च्या कायद्याने कृत्रिम बालदूध व दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करण्यास मनाई केलेली आहे. ज्या वस्तूची जाहिरात कायद्याला मान्य नाही, ती आपण फीत बांधून भेट म्हणून देतो!

मग बाळंतविड्यात असावे काय? माझे मत विचाराल तर, स्वच्छ मऊ सुती कपडे भरपूर. बाळंतिणीच्या अंगावरून चार ते सहा आठवडे जाते. तेव्हा तिच्यासाठी मोठे पॅड आणि सैल सुती अंतर्वस्त्रे. पुढून उघडणारे दोन गाऊन. एक थर्मामीटर, ताप तिला असो वा बाळाला, हात लावून केलेला अंदाज पुरत नाही. लाडू हवेतच, पण त्यांच्या शेजारी लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्याही हव्यात. प्रसूतीनंतर १८० दिवस रोज एक, असे सरकारी धोरणच आहे. आणि एका कागदावर ठळक अक्षरांत लिहावे: तासाभरात पॅड भिजू लागले, ताप चढला, स्रावाला दुर्गंधी आली, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बाळाने दूध ओढणे सोडले, तर उद्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. ही नावे तोंडाने घेण्यास आपल्याकडे संकोच वाटतो, म्हणून तर ती कागदावर हवीत. संकोचापायी जीव गेल्याची उदाहरणे जुन्या घरांत थोडी नाहीत.

सर्वांत मोठी वस्तू मात्र खोक्यात मावत नाही. पूर्वी सोयर असे. दहा दिवस बाळंतिणीला शिवावयाचे नाही, तिने स्वयंपाकघरात यावयाचे नाही. त्यातील विटाळाची कल्पना गेली, हे उत्तमच झाले. पण विटाळाच्या आडोशाने तिला जी विश्रांती मिळे, तीही त्याबरोबर गेली. आज पोटावर टाके असलेली मुलगी आठव्या दिवशी पाहुण्यांसाठी चहा टाकताना मी पाहते, आणि ‘किती चपळ आहे हो’ म्हणून तिचे कौतुक होताना ऐकते. या कौतुकाचा मला संताप येतो. ज्या बाईला सलग तीन तास झोप मिळत नाही, तिच्या डोळ्यांत कारणावाचून पाणी येते. आणि ते पाणी आठवड्या-दोन आठवड्यांत थांबले नाही तर तो नखरा नव्हे, दुखणे असते, त्याला डॉक्टर लागतो.

तेव्हा मराठी मंडळींना माझी एवढीच सूचना आहे. पुढच्या वेळी बाळंतविडा नेताना जरीची कुंची वगळली तरी चालेल. आत्या, मावशी, काकू आणि हो, बाळाचे वडील व काकाही, यांनी सव्वा महिन्याचे वार आपसांत वाटून घ्यावेत: कोणी डबा आणावयाचा, कोणी लंगोट धुवावयाचे, कोणी दुपारी बाळाला घेऊन बसावयाचे. ती यादी लाडवांच्या डब्यावर चिकटवून द्यावी, आणि ज्याचा जो वार असेल त्या दिवशी त्याने खरोखरच हजर व्हावे.