अर्ध्या वाटेवरची भेट

इंग्रजीच्या पुस्तकात ‘मीट हाफवे’ हा वाक्प्रयोग आला की ‘तडजोड करणे’ एवढा अर्थ सांगून आम्ही शिक्षक पुढे सरकतो. दोघे निघाले, अर्ध्या वाटेवर भेटले. ऐकायला न्याय्य वाटते. इतिहासाच्या तासाला मात्र हा अर्थ पुरत नाही. कोण कोठून निघाला होता, हे त्यात येतच नाही.

24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार घ्यावा. ऑगस्टमधील जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत दिले होते. गांधीजींनी 20 सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले आणि पाचव्या दिवशी सह्या झाल्या. प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा मिळाल्या. संख्या वाढली, हे खरेच. परंतु दुहेरी मत गेले. अस्पृश्यांनी प्राथमिक निवडणुकीत चौघे निवडायचे आणि त्यांतून अखेरचा एक संयुक्त मतदारसंघाने, म्हणजे बहुसंख्य सवर्णांनी, ठरवायचा! याला समेट म्हणण्याची रीत आहे. एका महात्म्याच्या प्राणांचा भार आणि गावोगावच्या वस्त्यांवर उगवल्या जाणाऱ्या सूडाची धास्ती ज्याच्या एकट्याच्या शिरावर, तो अर्ध्या वाटेपर्यंत चालत आला की ओढला गेला? बाबासाहेबांनी 1945 च्या ग्रंथात या कराराची झडती घेतली आहे. वरच्या वर्गांनी ती मुळातून वाचावी.

तडजोडच नको, असे आमचे म्हणणे नाही. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडतात. (रोहिणखेडच्या मुलांना हे नाव लगेच आपले वाटते, एवढेच.) सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, पण पाणी निम्मे-निम्मे वाटा असे म्हणत नाही. आगळीक आपल्या माणसांचीही असेल, आधी चौकशी करू. दोन्हींकडून दोघे-दोघे निवडू, त्या चौघांनी पाचवा निवडावा, असे तो सुचवतो. संघाने बहुमताने ते फेटाळले.

आमच्या वसतिगृहात उन्हाळ्यात नळावर भांडण झाले की मुले हल्ली हीच रीत लावतात. चौघे लगेच ठरतात. वेळ जातो तो पाचव्यावर. तो पाचवीच्या वर्गातला असावा, ही सूचना मुलांचीच. मोठ्यांच्या बादल्या आधी भरतात, हे त्यालाच नेमके ठाऊक असते.