खांब कोणाच्या गल्लीत?

गावाबाहेर मोबाईलचा टॉवर उभा राहिला की त्याची रेंज पाटलाच्या वाड्याला मिळते आणि बौद्धपुऱ्यालाही मिळते. टॉवर जात पाहत नाही. परंतु १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झाले आणि त्यासोबत ‘स्मॉल सेल’ची चर्चा वाढली. दिव्याच्या किंवा विजेच्या खांबावर बसणारी ही छोटी पेटी. ताकद काही वॅटची, पल्ला फार तर काहीशे मीटरचा. म्हणजे एक खांब, एक गल्ली. मग तो खांब कोणाच्या गल्लीतला, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही, सामाजिक होतो. गावची विहीर कोणाच्या बाजूला खोदली गेली, हे ज्या समाजाने भोगले आहे त्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये मार्गाधिकाराच्या नियमांत दुरुस्ती करून अशा खांबाच्या वापराचे शुल्क शहरात वर्षाला ३०० आणि ग्रामीण भागात १५० रुपये ठरविले. खांब इतका स्वस्त झाला, तरी यंत्र आपोआप येत नाही. भातकुलीसारख्या तालुक्यात अडचणी कोणत्या? प्रत्येक पेटीला अखंड वीज हवी, पण थोडे वादळ आले की पहिला दिवा गावाचाच जातो. प्रत्येक पेटीपर्यंत फायबरची तार हवी, आणि रस्त्याच्या खोदकामात पहिली तुटते ती तीच. खारपाणपट्ट्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांब कलतात. शिवाय एक खांब महावितरणचा, दुसरा ग्रामपंचायतीचा, तिसरा बांधकाम खात्याचा. परवानगी मागायची कोणाकडे?

इतका खर्च आणि खटाटोप कंपनी कोठे करील? जेथे ग्राहक दाट आणि खिसा भरलेला, तेथेच. अमरावतीच्या बाजारपेठेत पेटी लागेल. भातकुलीत लागली तर मुख्य रस्त्यावर लागेल. विरळ वस्तीच्या खेड्याला आजही खरी गरज टॉवरची आणि टिकाऊ फायबरची आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. स्मॉल सेलच्या झगमगाटात ती मागणी मागे पडता कामा नये.

कारण रेंज ही आता चैन राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, पिकाची नोंद ई-पीक पाहणीवर, रेशन अंगठ्याच्या यंत्रावर. रेंज गेली की हक्कच लटकतो. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग मानला आहे. मग ही सेवा नफ्याच्या हिशेबावर कशी सोडता येईल?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी विजेच्या धोरणावर भूमिका मांडली. वीज मुबलक आणि स्वस्त मिळाली पाहिजे, हा तिचा गाभा होता. तीच कसोटी आज इंटरनेटला लावली पाहिजे.

पैसा नाही, ही सबब चालणार नाही. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून वंचित भागातील सेवेसाठी निधी गोळा होतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले. ग्रामीण, दुर्गम आणि शहरांतील उपेक्षित भागांतही तो वापरता येतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ तक्रार करीत बसू नये. वस्तीत कोठे रेंज येत नाही, याची घरनिहाय यादी करावी. ती ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घ्यावी. आपल्या तालुक्यात या निधीतून काय काम झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. आणि ज्या दिवशी खांबांच्या परवानगीचा अर्ज पंचायतीसमोर येईल, त्या दिवशी आपला माणूस तेथे हजर असावा. खांबांची यादी एकदा पक्की झाली की मागाहून कोणी विचारायला येत नाही.