कली कुठे गेली?

यवतमाळचा दुर्गोत्सव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ध्वनिक्षेपकावरून होणारी ती घोषणा नवी नाही. गर्दी ऐन भरात असते, आरास पाहायला सारा जिल्हा लोटलेला असतो, आणि मध्येच गाणे थांबते. लाल झग्यातली चार-पाच वर्षांची मुलगी मंडपात बसली आहे, आईबापांनी येऊन घेऊन जावे! मग पाहावे. फुगेवाला धंदा सोडून हात उंचावून वाट दाखवीत असतो, कुणी अनोळखी बाई मुलीच्या हातावर पेढा ठेवून तिचे डोळे पुसत असते. घटकाभर ते पोर साऱ्या गावाचे होते.

हे आठवण्याचे कारण असे, की दिवाळीच्या बैठकीसाठी मी जो बोलपट निवडला आहे त्यात याच्या अगदी उलट घडते. अनुराग कश्यप यांचा ‘अग्ली’ हा तो हिंदी बोलपट. मे २०१३ मध्ये तो कान येथे दाखविला गेला, आणि आपल्याकडे २६ डिसेंबर २०१४ रोजी प्रदर्शित झाला. मधल्या काळात पडद्यावरील धूम्रपानाच्या सूचनेवरून दिग्दर्शकाने वाद मांडला होता. असो, तो विषय वेगळा.

कथा मुंबईची आहे. राहुल हा नावारूपाला न आलेला नट. त्याची घटस्फोटित पत्नी शालिनी हिने शौमिक बोस या बड्या पोलीस अधिकाऱ्याशी लग्न केले आहे. दहा वर्षांची कली आठवड्यातून एक दिवस बापाकडे येते. अशाच एका दिवशी बाप तिला मोटारीत बसवून मित्राकडे कामासाठी जातो, आणि परत येऊन पाहतो तो मोटार रिकामी.

येथून पुढे तपास सुरू होतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात सुरू होतो तो हिशेब. बोस आणि राहुल हे कॉलेजातले जुने वैरी. त्यामुळे बोसचा पहिला संशय मुलीच्या बापावरच. हा गृहस्थ आपल्या बायकोचेही टेलिफोन चोरून ऐकतो! पुढे खंडणीचे फोन येऊ लागतात. ते कोण करते हे सांगून मी वाचकांचा विरस करणार नाही. एवढेच म्हणतो, की परके कोणी नाही. प्रत्येकाला कलीच्या हरवण्यात आपले काहीतरी साधून घ्यायचे आहे.

या चित्रपटातील एक प्रवेश मी विसरू शकत नाही. घाबरलेला बाप मित्रासह पोलीस ठाण्यात येतो. समोर इन्स्पेक्टर जाधव, म्हणजे आपले गिरीश कुलकर्णी. ‘देऊळ’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेला हा नट येथे काय करतो पाहा. तो घाई करीत नाही. पडद्यावरचे नाव वेगळे आणि खरे वेगळे, ते कसे? नट निवडून देणे हाही धंदा असतो का? फोन आला की त्यावर बोलणाऱ्याचे छायाचित्र कसे उमटते? प्रेक्षक प्रथम हसतात. मग हसू ओठांवरच थिजते, कारण तेवढ्या वेळात ती मुलगी कुठे असेल हा विचार मनात येतो, आणि ठाण्यातल्या कुणाच्याही मनात तो आलेला दिसत नाही.

योगायोग असा, की ज्या मे महिन्यात हा बोलपट कान येथे झळकला, त्याच महिन्याच्या १० तारखेस सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला: हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदविलाच पाहिजे, आणि मूल पळविले गेले आहे असे गृहीत धरूनच तपास केला पाहिजे. पहिले काही तास किती मोलाचे, हे जाधवच्या त्या प्रवेशाइतके स्पष्ट मला कोणत्याही अग्रलेखाने सांगितले नव्हते.

तेजस्विनी कोल्हापुरे यांनी शालिनी फार समजून वठविली आहे. खचलेली, दारूत बुडालेली ही आई आपल्याला आवडत नाही, आणि तिच्यावरची नजरही काढवत नाही. रोनित रॉय यांचा बोस हा दगडी चेहऱ्याचा. राहुल भट यांचा बाप मात्र मला अधूनमधून एकसुरी वाटला. दिग्दर्शकाशी माझे एक भांडण आहे. साऱ्या मुंबईत त्याला एकही भला माणूस भेटू नये? अकिरा कुरोसावांच्या १९६३ सालच्या ‘हाय अँड लो’ या जपानी बोलपटात धनिकाच्या मुलाऐवजी चुकून त्याच्या मोटारचालकाचे पोर पळविले जाते. दुसऱ्याच्या पोरासाठी आपली दौलत पणाला लावावी की नाही, या पेचात तो धनिक तळमळतो. ‘अग्ली’त तळमळ आहे, पण ती ज्याची त्याच्यापुरती.

आपल्या जुन्या हिंदी बोलपटांत हरवलेली मुले मोठी होऊन परत येत. ‘वक्त’ घ्या, ‘यादों की बारात’ घ्या. आपण रुमाल भिजवून समाधानाने घरी येत असू. येथे रुमालाचा उपयोग नाही. शिव्याही भरपूर आहेत, तेव्हा मुलांना निजवून मगच हा बोलपट पाहावा.

मी पाहिला त्या रात्री मध्येच उठून आतल्या खोलीत डोकावून आलो. नात पांघरूण लाथाडून आडवी झोपली होती. ते सारखे केले आणि उरलेला बोलपट दार उघडे ठेवून पाहिला.